आयँबिक पेंटामीटर ओळखताना दर वेळी चुकतं. स्कॅन्शन, म्हणजे ओळीतले जोर आणि फूट ओळखणं, नेमकं करायचं कसं?

शब्दवेध:

एम.ए. इंग्रजीच्या अभ्यासातला प्रश्न आहे. व्याख्या सगळ्या पाठ आहेत. आयँब म्हणजे आधी हलकं सिलॅबल (उच्चाराचा एक तुकडा), मग जोराचं. असे पाच फूट (सिलॅबलचे गट) आले की पेंटामीटर. पण कवितेची ओळ समोर आली की गाडी अडते. शाळेत मराठी वृत्तं नीट शिकलोय, लघु-गुरू लावून गण पाडता येतात. तेच इंग्रजी ओळीला लावलं की भलतंच उत्तर येतं.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. जोर कुठे आहे हे ठरवायचं कसं? ओळीत दहाऐवजी अकरा सिलॅबल भरले, किंवा ओळ जोराच्या सिलॅबलनेच सुरू झाली, तरी तिला आयँबिक पेंटामीटर म्हणायचं का? आणि ब्लँक व्हर्स आणि फ्री व्हर्स यांतला फरक कोणत्या काळाशी, कोणत्या चळवळीशी जोडायचा?

लगावली:

शब्दवेध, चूक कुठे होते ते तुमच्या प्रश्नातच आहे. तुम्ही इंग्रजी ओळ मनातल्या मनात देवनागरीत लिहून घेता आणि मग ऱ्हस्व-दीर्घ बघता. 'सिटी' हा साधा शब्द घ्या. 'सि' ऱ्हस्व, 'टी' दीर्घ. आपल्या हिशेबाने लघु-गुरू, म्हणजे थेट आयँब. इंग्रजीत मात्र जोर 'सि'वर पडतो, म्हणून तो ट्रोकी आहे. बरोब्बर उलटा. हॅपी, बॉडी, मेनी या सगळ्यांत हाच फास आहे. 'कम्पेअर'मध्ये जोडाक्षरामुळे आपण 'क'ला गुरू धरतो, पण इंग्रजीत ते सिलॅबल हलकं आहे आणि जोर पुढच्यावर आहे.

लघु-गुरू म्हणजे उच्चाराला लागणारा वेळ. इंग्रजी वृत्त आघातावर चालतं. गोंधळ वाढतो तो नावांमुळे. आयँब, ट्रोकी, डॅक्टिल, अ‍ॅनापेस्ट ही नावं ग्रीकमधून आली, आणि ग्रीक-लॅटिन वृत्तं आपल्यासारखीच ऱ्हस्व-दीर्घाची होती. तिथे भगण (गुरू-लघु-लघु) म्हणजे डॅक्टिल आणि सगण (लघु-लघु-गुरू) म्हणजे अ‍ॅनापेस्ट ही जुळणी अगदी चोख बसते. 'यमाताराजभानसलगा'च्या शेवटचे 'लगा' म्हणजे आयँब. इंग्रजीने नावं ठेवली आणि खालचा पाया बदलला. म्हणून गणांची सवय टाकू नका, फक्त गुरूच्या जागी 'आघात' ठेवा.

आता कृती. आधी सिलॅबल मोजा, आणि ते स्वराच्या आवाजावर मोजा, देवनागरी अक्षरांवर नको. 'फिअर' दोन अक्षरांचा दिसतो, आहे एका सिलॅबलचा. 'कम्पेअर' दोनच. 'स्ट्रेंग्थ' कितीही जड दिसला तरी एक. उलट 'लिट्ल' आणि 'रिदम' दोन-दोन. हनुवटीखाली हात ठेवून शब्द म्हणा. हनुवटी जितक्या वेळा खाली जाते, साधारण तितके सिलॅबल. पॉवर, हेवन, फ्लॉवर हे शब्द कवी गरजेप्रमाणे एक किंवा दोन धरतात, त्यांच्यावर तूर्तास प्रश्नचिन्ह ठेवा.

मग दोन किंवा जास्त सिलॅबलच्या शब्दांचा जोर लावा. इथे कान दगा देतो, कारण आपल्याकडचं इंग्रजी जोर हलवतं. 'हॉटेल' आणि 'इव्हेंट' आपण पहिल्या सिलॅबलवर दाबतो, शब्दकोशात तो दुसऱ्यावर आहे. त्यामुळे शंका आली की शब्दकोश उघडा. उच्चाराच्या नोंदीत जोराच्या सिलॅबलच्या आधी वर एक छोटी उभी रेघ असते. खाली असलेली रेघ दुय्यम जोराची. रेकॉर्ड, प्रेझेंट यांसारखे शब्द नाम असले तर पहिल्यावर आणि क्रियापद असले तर दुसऱ्यावर जोर घेतात, तेव्हा आधी वाक्याचा अर्थ लावून मोकळे व्हा.

राहिले एका सिलॅबलचे शब्द. नाम, मुख्य क्रियापद, विशेषण, क्रियाविशेषण यांना सहसा जोर मिळतो. आर्टिकल, प्रिपोझिशन, सर्वनाम, सहायक क्रियापद, उभयान्वयी अव्यय सहसा हलके.

हे सगळं झाल्यावरच फूट पाडायच्या उभ्या रेघा मारा. आधी खुणा, मग रेघा. उलटं केलं की 'पाच फूट हवेतच' म्हणून आपण ओळ पिळतो आणि नसलेले जोर शोधून काढतो.

कवी ग्रेच्या १७५१ सालच्या एलेजीची (शोककवितेची) पहिली ओळ बघा. जोराच्या सिलॅबलआधी मी शब्दकोशासारखी खूण केली आहे:

द 'कर् | फ्यू 'टोल्स | द 'नेल | ऑव्ह 'पार् | टिंग 'डे

दहा सिलॅबल, पाच फूट, एकही अपवाद नाही. 'पार्टिंग' हा शब्द फुटाच्या रेघेने मधोमध कापला गेलाय, ते चालतं. मराठी गणही शब्दाच्या सीमा पाळत नाहीत. 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' याचे यगण पाडताना आपण तेच करतो.

आणखी एक. एका ओळीवरून वृत्त कधीच ठरवू नका. किमान चार ओळींना खुणा करा आणि बहुमत कुठे जातं ते बघा. कवितेची पहिलीच ओळ पुष्कळदा नियम मोडणारी असते.

शब्दवेध:

'सिटी'चं उदाहरण डोक्यात लख्ख बसलं. लगेच शेक्सपिअरच्या अठराव्या सॉनेटची पहिली ओळ करून बघितली:

शॅल 'आय | कम् 'पेअर | दी ? टु | अ 'सम | मर्स 'डे

तिसऱ्या फुटात अडलो. 'दी' सर्वनाम आणि 'टु' प्रिपोझिशन, दोन्ही हलके. मग फूट चारच उरले का?

निळी शाई:

पाचच आहेत. 'टु' हलकाच शब्द आहे, पण त्याच्या दोन्ही बाजूंना त्याच्याहूनही हलकी सिलॅबल आहेत, आणि ओळीच्या तालात ती जागा ठोक्याची आहे. म्हणून तिथे त्याला बढती मिळते. इंग्रजीत याला प्रमोशनच म्हणतात. मोठ्याने म्हणताना 'टु'वर हातोडा मारायचा नाही, खूण मात्र जोराची करायची. फुटातला जोर नेहमी सापेक्ष असतो. शेजारच्यापेक्षा किंचित जड, एवढंच बघायचं. तुमच्या ओळीतला 'शॅल आय' हा पहिला फूटही वाचणाऱ्यावर आहे. 'शॅल'वर जोर देऊन प्रश्नाचा सूर आणला तर तो ट्रोकी होतो. उत्तरात दोन्ही शक्यता लिहिल्या तर काही बिघडत नाही, उलट कान तयार आहे हे दिसतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. मीटर म्हणजे कानाने धरलेली अपेक्षा, आणि रिदम म्हणजे ओळ प्रत्यक्षात कशी पडते ते. दोन्ही सदासर्वदा जुळली तर कविता घड्याळासारखी टिकटिकेल. चांगला कवी ती कुठे सोडवतो यातच खरा अर्थ आहे, आणि परीक्षकालाही तेच वाचायचं असतं.

सगळ्यात जास्त दिसणारी सूट म्हणजे पहिल्या फुटात उलटा जोर. शेक्सपिअरच्या 'रिचर्ड द थर्ड' नाटकाची सुरुवात:

'नाऊ इझ | द 'विन् | टर 'ऑव्ह | अवर 'डिस् | कन् 'टेंट

पहिला फूट ट्रोकी, बाकी चार आयँब ('ऑव्ह'ला बढती). 'आता' या शब्दावर थेट पाय ठेवून रिचर्ड रंगमंचावर येतो. ही सूट ओळीच्या सुरुवातीला किंवा मधल्या विरामानंतर येते, शेवटच्या फुटात फार क्वचित. म्हणून ओळ अडली की शेवटाकडून मागे मोजत या. शेवट बहुधा सरळ असतो.

दुसरी सूट अकराव्या सिलॅबलची. हॅम्लेटची सगळ्यांना माहीत असलेली ओळ 'टु बी, ऑर नॉट टु बी, दॅट इझ द क्वेश्चन' मोजून बघा. शेवटचं 'श्चन' हलकं आणि जादा आहे. याला फेमिनिन एन्डिंग म्हणतात, आणि ते सहावा फूट म्हणून मोजायचं नाही. हलकं सिलॅबल शेवटी उरलं तर वृत्त तेच. जोराचं उरलं आणि एकूण बारा झाले तर मात्र ती अलेक्झांड्राइन, सहा फुटांची ओळ. पोपने १७११ साली अलेक्झांड्राइनची लांबण दाखवायला जखमी सापाची उपमा दिली आणि ती ओळच बारा सिलॅबलची लिहिली: 'दॅट, लाइक अ वून्डेड स्नेक, ड्रॅग्ज इट्स स्लो लेंग्थ अलाँग'. 'ड्रॅग्ज', 'स्लो', 'लेंग्थ' ही जड सिलॅबल इतकी जवळजवळ आली आहेत की जीभ खरोखरच सरपटते. ओळ मोठ्याने म्हणा, व्याख्येची गरज उरत नाही. स्पेन्सरच्या नऊ ओळींच्या कडव्यात आठ पेंटामीटर आणि शेवटी अशी एक अलेक्झांड्राइन असते, यमकांची रचना अबअबबकबकक. ही जोडी लक्षात ठेवा, वस्तुनिष्ठ प्रश्नांत कामाला येते.

तिसरी गोष्ट, जोडजोड हलकी आणि जोडजोड जड सिलॅबल. शेक्सपिअरच्या ११६व्या सॉनेटची 'लेट मी नॉट टु द मॅरेज ऑव्ह ट्रू माइंड्स' ही ओळ घ्या. शेवटी 'ट्रू' आणि 'माइंड्स' दोन्ही जड, म्हणजे स्पाँडी. त्याआधीचं '-रेज ऑव्ह' दोन्ही हलकं, म्हणजे पिरिक. काहीजण 'ऑव्ह'ला बढती देऊन तो आयँबच धरतात. दोन्ही वाचनं मान्य आहेत. पण सबंध कविता स्पाँडी किंवा पिरिकमध्ये आहे असं कधी लिहू नका. इंग्रजीत हे दोन फूट बदली म्हणून येतात, अख्खं वृत्त त्यांच्यावर उभं राहत नाही.

जुन्या कवितेत उच्चार बदलल्यामुळेही हिशेब चुकतो. 'डिमड', 'अनट्रिमड' असे शब्द स्वर गाळून अ‍ॅपॉस्ट्रॉफीने छापलेले असले तर ते '-एड' वेगळं म्हणायचं नाही. 'ई'वर तिरकी खूण असेल तर ते वेगळं सिलॅबल. मिल्टनच्या 'पॅरडाइज लॉस्ट' या महाकाव्याच्या पहिल्या ओळीत 'डिसओबीडिअन्स' चारच सिलॅबलचा धरावा लागतो, 'डिअन्स' एका झटक्यात म्हणायचं, तरच दहा भरतात. शेक्सपिअरच्या काळी 'अ‍ॅस्पेक्ट'चा जोर दुसऱ्या सिलॅबलवर होता. २६व्या सॉनेटमध्ये त्याचं यमक 'रिस्पेक्ट'शी जुळवलंय, तोच पुरावा. ओळ तुटल्यासारखी वाटली की कवीची चूक म्हणण्याआधी शब्दाचा जुना उच्चार तपासावा.

लगावली:

निळी शाई यांनी छान सोडवून सांगितलंय. इतर वृत्तांचे नमुने थोडक्यात देतो, ओळखीपुरते.

ब्लेकची १७९४ची वाघावरची कविता: ''टाय्गर, 'टाय्गर, 'बर्निंग 'ब्राइट'. चार जोर, सात सिलॅबल. ट्रोकेइक टेट्रामीटर, पण शेवटचं हलकं सिलॅबल गळलेलं, म्हणून कॅटलेक्टिक. बायरनची १८१५ची 'सेनाकेरिब': 'दि अ'सिर् | यन केम 'डाऊन | लाइक द 'वुल्फ | ऑन द 'फोल्ड', अ‍ॅनापेस्टिक टेट्रामीटर. घोड्यांच्या टापा ऐकू येतात. टेनिसनची १८५४ची लाइट ब्रिगेडवरची कविता डॅक्टिलची: ''हाफ अ लीग, 'हाफ अ लीग'.

जुनं कपाट:

तिसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलेलं नाही, म्हणून लिहितो.

ब्लँक व्हर्स म्हणजे यमक नाही, पण आयँबिक पेंटामीटर आहे. फ्री व्हर्समध्ये ठरलेलं मीटरही नाही. उत्तरपत्रिकांमध्ये या दोहोंची अदलाबदल होते त्याचं एक कारण मराठीत आहे. आपण दोन्हींना सरसकट 'मुक्तछंद' म्हणून टाकतो. ब्लँक व्हर्सला 'निर्यमक' म्हणा. मुक्तछंद हा शब्द मराठीत कवी अनिलांच्या रचनेशी बांधला गेलाय, आणि अनिलांच्या मुक्तछंदातही लय आहे, ओळीची लांबी तेवढी मोकळी आहे. शब्द सैल वापरला की कल्पनाही सैल होते. सुनीताचंही तसंच. केशवसुतांनी सॉनेट मराठीत आणलं, पण मराठी सुनीत पुढे बहुतेक शार्दूलविक्रीडितात रुजलं, म्हणजे १९ अक्षरं आणि बाराव्यावर यती. चौदा ओळी सारख्या, ओळीचं माप मात्र इंग्रजीच्या जवळपास दुप्पट. 'सॉनेट म्हणजे सुनीत' लिहिताना हे ध्यानात असू द्या.

इंग्रजीत ब्लँक व्हर्स आणलं कवी सरेने, व्हर्जिलच्या 'ईनिड'च्या दोन सर्गांच्या भाषांतरात. सरे १५४७ साली मारला गेला, तेव्हा काम त्याआधीचं. १५६१च्या 'गॉर्बोडक' नाटकात ते रंगभूमीवर आलं, मार्लो आणि शेक्सपिअरने त्याला बोलायला शिकवलं. मिल्टनने १६६७मध्ये महाकाव्य यमकाशिवाय लिहिलं आणि पुढच्या वर्षीच्या प्रतींत त्याचं समर्थन करणारी टीपही जोडली.

नंतर निओक्लासिकल काळ, ड्रायडन आणि पोपचा हिरोइक कपलेट, म्हणजे यमक जुळणाऱ्या दोन पेंटामीटर ओळींची जोडी. इथे पाठांतरापेक्षा दोन नमुने शेजारी ठेवणं जास्त शिकवतं. पोप:

ट्रू ईझ इन रायटिंग कम्स फ्रॉम आर्ट, नॉट चान्स,
अ‍ॅझ दोज मूव्ह ईझिएस्ट हू हॅव्ह लर्न्ड टु डान्स.

दोन ओळींत विचार पुरा, यमक कुलूप लावल्यासारखं. बंद कपलेट. आता कीट्सचं १८१८चं 'एन्डिमिअन':

अ थिंग ऑव्ह ब्यूटी इझ अ जॉय फॉर एव्हर:
इट्स लव्ह्लिनेस इन्क्रीझेस. इट विल नेव्हर
पास इन्टु नथिंगनेस. बट स्टिल विल कीप

मीटर तेच, यमकही जोडीजोडीने, पण 'नेव्हर'वर थांबता येत नाही. वाक्य खालच्या ओळीत ओघळतं. याला एन्जॅम्बमेंट म्हणतात, आणि असा कपलेट उघडा. रोमँटिक म्हणजे 'निसर्ग आणि भावना' एवढंच लिहून थांबणाऱ्या विद्यार्थ्याला मी हे दोन उतारे शेजारी ठेवायला सांगेन. एकच साचा, शंभर वर्षांच्या अंतराने, आणि आतला श्वास पार बदललेला. याच पिढीने निर्यमक पद्याला बोलण्याचा सूर दिला. १७९८च्या 'लिरिकल बॅलड्स'मधली वर्ड्सवर्थची 'टिंटर्न अ‍ॅबी' ब्लँक व्हर्समध्ये आहे, आणि त्याच पुस्तकातल्या कोलरिजच्या खलाशावरच्या कवितेचं मूळ माप बॅलडचं, चार-तीन-चार-तीन जोरांचं. जाता जाता: ज्या प्रस्तावनेवर हमखास प्रश्न येतो ती १८००च्या दुसऱ्या आवृत्तीची, ९८ची नव्हे.

ब्राउनिंगच्या १८४२च्या 'माय लास्ट डचेस'ने अनेकजण फसतात. ओळी इतक्या पुढे वाहतात की यमक ऐकूच येत नाही, आणि उत्तर येतं 'ब्लँक व्हर्स'. ओळींचे शेवट बोटाने खाली तपासा. 'वॉल-कॉल'पासून कपलेटच आहेत.

फ्री व्हर्सकडे येताना व्हिटमनचं १८५५ साल आणि इमेजिस्ट कवींच्या गटाचं १९१३ साल धरा. त्या मार्चच्या 'पोएट्री' मासिकात त्यांची तीन तत्त्वं छापली गेली. तिसऱ्या तत्त्वाचा आशय असा, की लय सांगीतिक वाक्यावर बांधावी, मेट्रोनोमच्या ठोक्यावर नको. मॉडर्निझमचं उत्तर लिहिताना हे एक तत्त्व प्रत्यक्ष ओळींना लावून दाखवता आलं पाहिजे. कवी हॉपकिन्स मधेच उभा आहे. तो वारला १८८९ साली, कविता छापल्या ब्रिजेसने १९१८मध्ये. म्हणून तो व्हिक्टोरियन असूनही मॉडर्न कवींसोबत शिकवला जातो. त्याच्या स्प्रंग रिदममध्ये फूट जोरानेच सुरू होतो आणि मागे हलकी सिलॅबल शून्य ते तीन. तिथे फक्त जोर मोजायचे. ते फ्री व्हर्स नाही, एवढं ठामपणे लिहा.

शब्दवेध:

वरच्या कीट्सच्या तीन ओळी खुणा करून टाकतोय. चुका काढा.

अ 'थिंग | ऑव्ह 'ब्यू | टी 'इझ | अ 'जॉय | फॉर 'एव्ह | हर
इट्स 'लव्ह् | लि 'नेस | इन् 'क्री | झेस 'इट | विल 'नेव्ह | हर
पास 'इन् | टु 'नथ् | इंग 'नेस | बट 'स्टिल | विल 'कीप

पहिल्या दोन ओळींत अकरा सिलॅबल, म्हणून फेमिनिन एन्डिंग. पहिलीत 'इझ'ला आणि दुसरीत 'नेस' व 'इट'ला बढती.

निळी शाई:

पहिल्या दोन अचूक. फक्त शेवटच्या जादा सिलॅबलआधी फुटाची रेघ मारू नका, ते पाचव्या फुटातच ठेवा, नाहीतर परीक्षकाला सहा फूट दिसतील.

तिसरीचा पहिला फूट पुन्हा म्हणा. 'पास' हे मुख्य क्रियापद आहे आणि 'इन्टु' प्रिपोझिशन: 'पास इन् | टु 'नथ्. म्हणजे ट्रोकी. वरच्या ओळीचं 'नेव्हर' हलक्या सिलॅबलवर लोंबकळत राहतं, आणि खालची ओळ थेट क्रियापदावर आदळते. 'विल नेव्हर' आणि 'पास' यांच्यामधली ती क्षणभराची पोकळी कीट्सने मीटरच्या आधारेच उभी केली आहे. उत्तरात वृत्ताचं नाव, कोणत्या फुटात काय बदललं, आणि त्याने अर्थाला काय झालं, हे तिन्ही एकाच वाक्यात यायला हवं. इथे ते असं लिहा: 'तिसऱ्या ओळीचा पहिला फूट ट्रोकेइक असल्यामुळे एन्जॅम्बमेंटनंतर सगळा भार क्रियापदावर पडतो.'